कॉलेज सुटलं, प्रेस सुटली. घरी राहून प्रिंटमेकिंग कोण कोण करतंय, आणि सध्या काय चालू आहे?

कृष्णाकाठ_लिनो (सांगली)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज लिहिते. मी प्रिंटमेकिंग, म्हणजे ब्लॉक किंवा प्लेटवर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप काढणं, हा विषय घेऊन शिकले. कॉलेजमध्ये एचिंग प्रेस (अ‍ॅसिडने रेघा खोदलेली धातूची प्लेट छापायचं यंत्र), अ‍ॅसिड रूम, कागद भिजवायचा टब सगळं हाताशी होतं, रात्री उशिरापर्यंत प्रेससाठी नंबर लावून बसायचो. आता घरी सांगलीत आहे, सकाळी शाळेत चित्रकला शिकवते आणि दुपारनंतर माडीवरच्या खोलीत लिनो, म्हणजे मऊ लिनोलियमचा ब्लॉक, कापत बसते. प्रेस नाही. माझ्या बॅचमधल्या बहुतेकांनी ह्याच एका कारणापायी प्रिंट सोडलं, कोणी पेंटिंगकडे वळलं, कोणी डिझाइनच्या नोकरीत गेलं. मला नाही सोडायचं.

सध्याचं काम म्हणजे पुरावरची सिरीज. आमच्याकडे पाणी किती आलं ते आयर्विन पुलापाशी मोजतात, ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी उभा ब्लॉक घेतलाय, आमच्या गल्लीतली घरं, आणि रिडक्शन करतेय. ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, एकाच लिनोवर आधी फिकट रंग छापायचा, मग त्याच लिनोतला अजून भाग कापून टाकायचा, त्यावर पुढचा गडद रंग, असं करत शेवटी ब्लॉकवर फक्त सगळ्यात काळा भाग उरतो. मागे फिरता येत नाही, पहिल्या रंगाला जेवढे कागद लावले तेवढीच एडिशन, म्हणजे एकूण प्रती. तर माझा पहिला गढूळ रंग पार छपरापर्यंत आहे, दुसरा खिडकीच्या गजांपर्यंत, तिसरा जोत्यापर्यंत, आणि दर वेळी आधीच्या पाण्याची रेघ भिंतीवर तशीच राहते. पूर ओसरल्यावर आमच्या भिंतींवर अशाच रेघा राहिल्या होत्या, म्हणून ह्या विषयाला रिडक्शनच पाहिजे असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

आता प्रश्न. मला परत एचिंग करायचंय, पण घरात आई आहे, भाचा रांगतोय, त्यामुळे नायट्रिक अ‍ॅसिड घरात आणणार नाही. दुसरं काय वापरता? प्रेसचं काय करता? आणि पावसाळ्यात शाई वाळतच नाही त्याला काही उपाय आहे का, दुसरा रंग चढवायला आठवडा आठवडा थांबावं लागतंय. आणि हे सगळं राहू दे, आधी आपापलं काय चाललंय ते सांगा. इथे एकटीने काम करताना कळतच नाही की बाकीचे काय करतायत.

---

ओलांडा (निफाड)

ताई, एचिंगला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ. आमच्या भागात मोरचूद कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, द्राक्षवाले बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं फवारणीचं औषध, करायला नेतात. मोरचूद आणि साधं मीठ सारख्या वजनाने पाण्यात विरघळवायचं, त्यात जस्ताची प्लेट छान खाते (म्हणजे उघड्या रेघा खोदल्या जातात), अ‍ॅल्युमिनियमची पण खाते. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, धातूचं अजिबात नको. नायट्रिकचा तो पिवळट धूर ह्यात नाही, तरी खिडकी उघडी पाहिजेच, हातमोजे आणि चष्मा पाहिजे, आणि बाळ असलेल्या घरात टब कुलपात ठेवायचा, मोरचूद पोटात गेलं तर विषच आहे.

प्लेट सोडली की रेघांमधून तांबूस गाळ वर यायला लागतो, ते तांबंच असतं. तो तिथेच बसू दिला तर खाणं अडतं, म्हणून मी मऊ ब्रशने अधूनमधून हलकेच झाडत राहतो. निळा रंग फिका पडत गेला की समजायचं द्रावण दमलं. वापरलेलं पाणी मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, मासे मरतात. धुण्याचा सोडा घालून ठेवलं की तांबं गाळ होऊन खाली बसतं, वरचं पाणी वेगळं करायचं, गाळ वाळवून डब्यात साठवायचा आणि घातक कचऱ्यात द्यायचा. तांब्याची प्लेट असेल तर मात्र हे चालत नाही, तिला फेरिक क्लोराइड, ते सर्किट बोर्डवाल्यांकडे मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर लगेच.

माझं चालू काम द्राक्षबागेचंच आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत पान राहत नाही, नुसती खोडं आणि तारेवर बांधलेले ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या. दहावीत असताना सुट्टीत वडिलांबरोबर छाटणीला जायचो, तेव्हापासून तो आकार डोक्यात आहे. हार्ड ग्राउंडवर (प्लेटवरचा मेणासारखा थर) सुईने सगळी साल काढतोय, आणि जिथे कात्री लागलीय तिथला ताजा काप पांढरा दिसायला पाहिजे म्हणून तेवढी जागा वार्निशने झाकून ठेवतो, बाकीची प्लेट दोनदा-तीनदा खाऊ देतो. एक प्लेट झाली की दुसरी, पूर्ण ओळ करायची आहे, प्रत्येक प्लेटवर एकच वेल, आणि भिंतीवर तार सलग जाईल अशा लावायच्या.

---

उद्यमनगर_रोलर (कोल्हापूर)

प्रेससाठी कोल्हापूरला या! खरंच सांगतोय. आमच्याकडे उद्यमनगरात लेथवाले एवढे आहेत की बाहेरून तयार प्रेस मागवायची गरजच नाही, मी स्वतः करून घेतली आणि गेली काही वर्षं त्याच्यावरच छापतोय, कुपवाड एमआयडीसीत पण करून देतील, ते तुम्हाला जवळ पडेल.

फक्त जाताना नीट सांगायला लागतं कारण त्यांनी असली वस्तू आधी बघितलेली नसते. बेड बारा एमएमची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, वरून ग्राइंड करून सपाट. १८ इंच रुंद बेडला वरचा रोलर चार-पाच इंच व्यासाचा, जाड भिंतीच्या सीमलेस पाइपचा, दोन्ही टोकांना शाफ्ट वेल्ड केल्यानंतर मग लेथवर एकाच सेटिंगमध्ये टर्न करायला सांगा. आधी टर्न करून मग वेल्ड केलं की रनआउट आलाच, म्हणजे रोलर फिरताना डगडगतो, मग प्रिंटमध्ये एक बाजू काळी आणि एक बाजू फिकी. दोन्ही बाजूंना प्रेशर स्क्रू, त्याखाली स्प्रिंग, आणि स्क्रूवर खुणा पाडून घ्या म्हणजे दोन्हीकडे सारखं आवळता येतं. चाक थेट रोलरला लावू नका, चेन आणि स्प्रॉकेट घालून रिडक्शन द्या, हाताला हलकं जातं. ब्लँकेटसाठी इंडस्ट्रियल नमदा मिळतो, एक पातळ एक जाड असे दोन पाहिजेत, आणि कागदातलं सरस लागून नमदा कडक झाला की कोमट पाण्यात धुवायचा.

आणि जमलं तर चौघापाचांत मिळून करा. माझ्याकडे आता इथलेच तीन जण येतात, रविवारी एक येतो, बाकीचे संध्याकाळी, आपापला कागद आपापली शाई, नमद्याचा खर्च वाटून. एकट्याने छापण्यापेक्षा कैक पटीने बरं, दुसरा माणूस कागद धरायला असला की बोटांचे डाग लागत नाहीत हा एक फायदा, पण खरा फायदा म्हणजे प्रूफ (चाचणीचा प्रिंट) काढल्या काढल्या कोणीतरी बघतं आणि बोलतं.

माझं स्वतःचं सध्या वुडकट, म्हणजे लाकडावर कोरून छापायचं. चार बाय आठची पूर्ण प्लायशीट कापतोय, तालमीतला हौदा आणि मातीत उतरलेले पैलवान. एवढी शीट कुठल्याच प्रेसमध्ये जात नाही त्यामुळे कापडावर रोड रोलरने छापायचा विचार आहे. रस्त्याचं काम करणारे एक कॉन्ट्रॅक्टर ओळखीचे आहेत, त्यांनी हो म्हटलंय. पाऊस थांबला की.

---

दगडी_शाई (बडोदा)

सांगलीच्या ताई, रिडक्शनची कल्पना फार आवडली, विशेषतः रेघ राहते ते. झाल्यावर फोटो टाकाच.

मी मूळची पुण्याची, सध्या बडोद्यात दगडावर लिथो करतेय. इथे प्रिंटचं वातावरण जुनं आहे, युनिव्हर्सिटीची कला फॅकल्टी आहे, प्रिंटमेकर ज्योती भट्ट सर इथलेच, शिवाय छाप सारखा स्टुडिओ १९९९ पासून चालू आहे, जिथे बाहेरचा माणूस येऊन काम करू शकतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते की वर्षातून थोडे दिवस काढून बडोदा, भोपाळचं भारत भवन किंवा दिल्लीचा गढी स्टुडिओ ह्यापैकी कुठे तरी काम करून या, प्लेटा घरी करायच्या आणि छापायला तिकडे जायचं. बरेच जण असंच चालवतात.

माझं रोजचं काम म्हणजे निम्मा वेळ दगड घासणं. आधीचं चित्र पूर्ण जाईपर्यंत कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून घासायचं, भरड, मग मध्यम, मग बारीक, आणि मध्येच पट्टी उभी धरून बघायचं की दगडाला मधे खळगा तर पडला नाही ना. मग तेलकट क्रेयॉनने काढायचं, डिंकाचं पाणी आणि थेंबभर अ‍ॅसिड लावून पक्कं करायचं, आणि छापताना दगड सतत ओला. चित्राची जागा तेल धरते, बाकीचा दगड पाणी धरतो, शाई फक्त चित्रालाच चिकटते. इतकं साधं तत्त्व, आणि हात बसायला वर्षं जातात.

हे करताना माझ्या डोक्यात सारखा मळवलीचा छापखाना येतो. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत लिथोचा छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती तिथून आलेली. तेव्हा एका चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा, आणि ते सगळे दगड एकावर एक अचूक बसवणारे कारागीर होते ज्यांची नावं चित्रावर कुठेच नाहीत. पुण्याच्या चित्रशाळेत तर त्याच्याही आधी, १८७८ पासून रंगीत लिथो निघत होते. माझी नवी सिरीज त्या कारागिरांवर आहे. आमच्या घरातल्या जुन्या सरस्वतीच्या चित्रातला फक्त एक रंग, एक गुलाबी, भिंगाखाली बघून त्याचे ठिपके मी मोठे करून दगडावर काढतेय. साडीचा काठ जवळून बघितला तर हाताने टाकलेले ठिपकेच ठिपके. एका माणसाने बसून टाकलेत ते.

---

गोडेतेल (डोंबिवली)

शाई वाळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही, जवसाच्या तेलाने हवेतला ऑक्सिजन घेतला की ती घट्ट होते, आणि दमट हवेत हे सावकाश होतं. त्यामुळे थर पातळ ठेवा, रोलर फिरवताना चिकट कचकच आवाज न येता हलका सळसळ आवाज यायला हवा, कोबाल्ट ड्रायर अगदी थेंबभर, जास्त घातला तर शाई पसरायच्या काचेवरच घट्ट होते. प्रिंट थप्पी करून ठेवू नका, दोरीला क्लिपने टांगा आणि पंखा सोडा. वाळलेल्या प्रिंटमध्ये बटर पेपर घालून कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पावसाळ्यात ठेवलं की बुरशी ठरलेली. आणि रॉकेलने धुणं बंद करा घरात बाळ असेल तर. आधी गोडेतेल लावून चिंधीने पुसायचं मग भांड्याचा साबण, सगळं निघतं.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. मी स्क्रीन प्रिंट आणि लिनो करतो आणि हल्ली स्टॉल लावला की लोक विचारतात, "प्रिंट आहे ना हे, मग ओरिजिनल कुठंय?" कारण बाजारात पेंटिंगचा फोटो काढून इंकजेटवर छापतात आणि त्याच्यावर पेन्सिलीने १/५० लिहून लिमिटेड एडिशन म्हणून विकतात. माणसाला कसं कळणार? मी आता स्टॉलवर कापलेला ब्लॉकच ठेवतो, शाई लागलेला, बाजूला भिंग. लोक हात लावून बघतात, मुलं बोट फिरवतात. एकदा ब्लॉक हातात घेतला की समजावून सांगायची वेळच येत नाही.

---

ओलांडा (निफाड)

@गोडेतेल एडिशन किती काढता तुम्ही? आणि संपली की ब्लॉक रद्द करता का?

---

गोडेतेल (डोंबिवली)

रद्द नाही करत. मी लिनोला आकडाच घालत नाही, ओपन एडिशन, आणि किंमत कमी. मला चित्रकार चित्तप्रसादांचं फार वाटतं. १९४३ च्या दुष्काळात बंगालभर फिरून चित्रं काढलेला माणूस, नंतर कितीतरी वर्षं इथे आपल्या अंधेरीत राहिला आणि लिनो कापत राहिला, काम करणाऱ्या लहान मुलांवरचे त्यांचे लिनोकट बघा, बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी. लिनो स्वस्त, हाताने छापता येतो, पाहिजे तितका छापता येतो, म्हणून तर असली माणसं त्याच्याकडे आली. मग आपण मुद्दाम वीस छापून थांबायचं आणि ब्लॉकवर रेघोट्या मारायच्या हे मला पटत नाही.

---

दगडी_शाई (बडोदा)

पटतंय बरंचसं, पण सगळ्यांना हे लागू नाही हो. दगड घासला की चित्र गेलं, ड्रायपॉइंटचा बर (सुईने प्लेट थेट ओरखडल्यावर रेघेला उठणारी धातूची कड) काही कागदांतच दबून जातो, रेघ बारीक होते, तिथे आकडा हा खरोखरच मर्यादेचा असतो. ताईंच्या रिडक्शनमध्ये तर ब्लॉकच उरत नाही. जिथे मर्यादा खरी आहे तिथे आकडा घाला, डावीकडे नंबर, मध्ये नाव, उजवीकडे सही, पेन्सिलीनेच. आणि जिथे ओपन आहे तिथे तसं स्पष्ट लिहा. घेणाऱ्याला खरं सांगितलं की झालं. आणि किंमत कमी ठेवण्याबद्दल, ज्यांचं घर ह्याच्यावर चालतं त्यांना कमी ठेवून परवडत नाही, हेही लक्षात ठेवायला पाहिजे.

---

कॅसल_मिल्सजवळ (एडिंबरा)

नोकरीनिमित्त इथे आहे, मूळ ठाणे. मी काही आर्ट कॉलेजची नाही, इथे येऊन शिकले. इथला एडिंबरा प्रिंटमेकर्स स्टुडिओ १९६७ पासून आहे, आता एका जुन्या रबर कारखान्याच्या इमारतीत, आणि पद्धत अशी की सभासद व्हायचं, शिकून घ्यायचं आणि मग प्रेस, दगड, स्क्रीन सगळं वापरायचं. शेजारच्या टेबलावर निवृत्त शिक्षक असतात, नर्स असतात, मोठे कलावंत पण असतात. कोल्हापूरच्या दादांनी जे लिहिलंय, नमद्याचा खर्च वाटून, तेच हे, फक्त मोठ्या प्रमाणात. मुंबई-पुण्यात असं काही मोठं, सगळ्यांना खुलं हवं असं फार वाटतं. जागा महाग हे माहितीय, पण एका शाळेची बंद खोली आणि दोन प्रेस एवढ्यावर सुरुवात होते.

तांब्याला आम्ही फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्व घालून वापरतो, त्यामुळे रेघेत गाळ अडकत नाही आणि लवकर खातं. ही युक्ती इथलीच, म्हणून नावही एडिंबरा एच.

माझं सध्या व्हिस्कॉसिटी चाललंय. प्रिंटमेकर कृष्णा रेड्डी आणि आपल्या मुंबईचे कैको मोती ह्यांनी पॅरिसच्या अ‍ॅतेलिए १७ ह्या स्टुडिओत ह्याचा शोध लावला, आणि मला ते इथे स्कॉटिश बाई शिकवतायत ह्याचं खूप अप्रूप वाटतं. एकच प्लेट, खोल खाल्लेली. वरच्या पृष्ठभागावर कडक रोलरने तेलकट सैल शाई, मग मऊ रोलरने घट्ट शाई, ती खोलगट भागात जाते पण वरच्या तेलकट शाईला चिकटत नाही. एकाच वेळी प्रेसमधून सगळे रंग. मी ठाण्याच्या खाडीचा चिखल करतेय, ओहोटीला त्याच्यात पाण्याच्या ज्या फांद्या उमटतात ना, तशा. शाईत किती तेल घालायचं ते दर सकाळी हवेप्रमाणे बदलतं.

---

पट्टीपेन्सिल (लातूर)

मी पण शाळेत शिकवतो. ताई, मुलांना टेट्रापॅकवर ड्रायपॉइंट द्या! ज्यूसचं रिकामं पॅक कापून धुवायचं, आतली चंदेरी बाजू वर, कंपासच्या टोकाने रेघ. जिथे गडद हवं तिथला चंदेरी थर सोलून काढायचा, खालचा पुठ्ठा शाई पितो. शाई घासून पुसायची, ओला कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासायचं. प्रेसएवढं दाट नाही येत पण येतं. माझ्या सातवीच्या मुलांनी आपापल्या घराचं दार काढलं, आता वर्गाबाहेरच्या भिंतीवर दारंच दारं आहेत. पालक सभेला आले तेव्हा प्रत्येक जण आपलं दार शोधत होता.

---

कृष्णाकाठ_लिनो (सांगली)

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! मोरचुदाचं आजच आईला सांगितलं, टब गच्चीवरच्या कपाटात कुलपात राहील असं ठरलंय. कुपवाडला भावाच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत, त्यांना कोल्हापूरच्या दादांनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवणार. मिरजेतली एक मैत्रीण प्रेसमध्ये अर्धा वाटा घ्यायला तयार आहे, तिने कॉलेजनंतर सुई हातात धरली नव्हती. लातूरच्या सरांचं सोमवारी वर्गात करून बघते, माझ्या पोरांना दाराऐवजी पुलाचं चित्र देईन.

कागदाचं कोणी विचारलं तर, लिनोला मी पुण्याच्या हातकागद संस्थेचा पातळ कागद वापरते, चमच्याने छापताना पातळच बरा, जाड कागद हाताने दाबून शाई उचलत नाही.

आणि एक सुचवते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जगभर प्रिंटवाले आपापल्या जागी छापतात, प्रिंट डे इन मे म्हणतात त्याला. त्या दिवशी आपण सगळ्यांनी छापायचं आणि एकमेकांना पाठवायचं, असा अदलाबदलीचा संच करूया का? कुठलंही माध्यम, आकार ए५. विषय ज्याचा त्याचा. प्रत्येकाकडे सगळ्यांचा एकेक प्रिंट जाईल. एडिंबरावाल्या ताईंचं पार्सल ठाण्याच्या घरी आलं तरी चालेल.

---

उद्यमनगर_रोलर (कोल्हापूर)

माझं नाव घाला. ए५ म्हणजे कागद का ब्लॉक? आणि पाठवायचं कसं, गुंडाळून नळीत का सपाट?

---

कृष्णाकाठ_लिनो (सांगली)

कागद ए५, ब्लॉक त्याच्या आत, सहीपुरती जागा सोडून. सपाटच पाठवा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, स्पीड पोस्टने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नको. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव आणि माध्यम लिहा, म्हणजे प्रत्येकाने किती प्रती काढायच्या ते ठरवता येईल.